अवजार कोणाचे, अटी कोणाच्या?

समजा, एका कारखानदाराने तुमच्या शाळेला उत्तम प्रतीचा सूक्ष्मदर्शक फुकट वापरायला दिला आणि सोबत एक कागद दिला. त्या कागदावर लिहिले आहे : सूक्ष्मदर्शक उघडून आतली भिंगे पाहू नयेत. वापरणारा, किंवा तो जिथे नोकरी करतो ती संस्था, सूक्ष्मदर्शक बनवण्याच्या खटपटीत असेल तर हा सूक्ष्मदर्शक त्याला वापरता येणार नाही. त्यातून पाहून काढलेल्या आकृत्यांची वही आमच्या पेटीत राहील आणि पेटीची किल्ली आमच्याकडे. या अटी आम्ही पुढेमागे बदलू शकतो. आता मुख्याध्यापकांनी सही करावी की नाही?

बहुतेक शाळांत सही होईल. आपल्याकडे प्रयोगशाळेच्या अनुदानाची स्थिती काय असते ते आम्ही वेगळे सांगायला नको. शिवाय सूक्ष्मदर्शक बनवायला निघालेला शिक्षक शाळेत असतो कुठे? अट कागदावर राहील, मुलांना पेशी दिसतील, मग बिघडले काय?

नेमका असाच कागद २००२ साली जगातल्या एका मोठ्या सहकारी उपक्रमापुढे आला आणि त्यांनी तो मान्य केला. तो उपक्रम म्हणजे लिनक्स. संगणकाच्या जगात या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली, पण ती बहुतेक 'शेवटी सारे चांगलेच झाले' या सुरात संपते. आम्हांला तो सूर पटत नाही. का, ते सांगण्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी हवी.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली एका संचालन प्रणालीचा गाभा लिहायला घेतला. या गाभ्याला संगणकाच्या भाषेत कर्नल म्हणतात. यंत्रातील स्मृती, चकत्या, पडदा आणि चालू असलेले प्रोग्राम यांच्यात वाटणी करून देणारा कारभारी म्हणजे कर्नल. १९९२ पासून लिनक्स ज्या परवान्याखाली दिले जाते त्याचे नाव जीपीएल. या परवान्याने कोणालाही सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेतला मूळ प्रोग्राम, वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा दिली. अट एकच : बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला देताना हीच मुभा त्यालाही द्यायची. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द असल्याने तिकडे या विषयावर बराच गोंधळ होतो. मराठीत तो व्हायचे कारण नाही. धर्मशाळेत राहणे फुकट असते, आपल्या घरात राहणे मुक्त असते. (घराचे हप्ते भरावे लागतात, ही गोष्ट वेगळी.)

आता अडचण पाहा. एखादे पाठ्यपुस्तक शेकडो शिक्षक मिळून लिहीत आहेत. प्रत्येक जण आपापल्या गावी बसून दुरुस्त्या पाठवतो : पान ४० वरील ही ओळ काढा, ही घाला. सर्व दुरुस्त्या एकाच संपादकाकडे येतात. तो त्या वाचतो, हाताने लावतो आणि अधूनमधून नवी प्रत प्रसिद्ध करतो. दहा-वीस लेखक असतील तोवर हे चालेल. शेकडो झाले की संपादकाच्या टपालात दुरुस्त्या हरवू लागतील. कोणी पाठवलेली दुरुस्ती लागली की नाही हे कळणार नाही. लागली तर का लागली याची नोंद राहणार नाही. लिनक्सचे पहिल्या दशकात हेच झाले होते. दुरुस्त्या ई-मेलने येत आणि टॉरवाल्ड्‌स त्या हाताने लावत. १९९८ च्या सुमारास पाठवलेल्या दुरुस्त्या गहाळ होतात अशी तक्रार उघडपणे होऊ लागली होती. एक माणूस कितीही कर्तबगार असला तरी त्याचा दिवस चोवीस तासांचाच असतो.

या अडचणीवर उपाय म्हणजे आवृत्ती-नियंत्रणाचा प्रोग्राम. तो प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला, आधी काय होते आणि नंतर काय झाले, याची खतावणी ठेवतो. त्या काळी प्रचलित असलेला सीव्हीएस हा असा एक मुक्त प्रोग्राम होता. पण त्यात खतावणी एकाच मध्यवर्ती यंत्रावर असे आणि दोन शाखांत वेगवेगळे वाढलेले काम पुन्हा एकत्र आणणे त्याला फार जड जाई. टॉरवाल्ड्‌स यांना तो मुळीच पसंत नव्हता, आणि तांत्रिक बाजूने पाहता ती नापसंती रास्त होती. बिटमूव्हर नावाच्या अमेरिकन कंपनीचा बिटकीपर हा प्रोग्राम मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यात प्रत्येकाकडे संपूर्ण खतावणी असे, प्रत्येक जण स्वतंत्रपणे काम करी आणि नंतर दोन खतावण्या जुळवल्या जात. कंपनीचे संस्थापक लॅरी मॅकव्हॉय हे पूर्वी सन कंपनीत अशाच कामावर होते आणि लिनक्सची अडचण त्यांना नीट समजलेली होती. फेब्रुवारी २००२ मध्ये टॉरवाल्ड्‌स यांनी कर्नलच्या २.५ या मालिकेसाठी बिटकीपर वापरायला सुरुवात केली. कामाचा वेग वाढला हे विरोधकांनीही नाकारले नाही.

बिटकीपर मुक्त नव्हता. त्याचा सोर्स कोड कंपनीकडे होता. मुक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तो फुकट वापरता येई, पण परवान्याच्या अटींवर. आमची टीका या परवान्यावर आहे, कंपनीच्या हेतूवर नाही. हेतू चांगला असू शकतो. सही मात्र कागदावर होते.

पहिली अट अशी की फुकट वापरणाऱ्याच्या बदलांच्या नोंदी एका सार्वजनिक यंत्रावर उघड होतील. अनेकांना ही अट खटकली. आम्हांला ती गैर वाटत नाही. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी अवजार फुकट आहे, तर काम उघड्यावरच चालले आहे हे दिसावे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला गुपचूप काम करायचे आहे त्याने पैसे मोजावेत. हा सरळ व्यवहार झाला.

दुसरी अट ऑक्टोबर २००२ मध्ये गाजली आणि ती अगदी निराळी आहे. तिचा आशय असा : तुम्ही किंवा तुमचा मालक बिटकीपरसारख्या क्षमता असलेले उत्पादन तयार करत असेल, विकत असेल, किंवा कंपनीच्या वाजवी मतानुसार बिटकीपरशी स्पर्धा करत असेल, तर हा परवाना तुम्हांला उपलब्ध नाही.

या कलमातले दोन शब्द पुन्हा वाचण्यासारखे आहेत. एक, 'मालक'. मोठ्या कंपनीत हजारो माणसे असतात. त्यांतल्या एका विभागात कोणी आवृत्ती-नियंत्रणाचा प्रोग्राम लिहीत असेल, तर दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या विभागात ध्वनिपत्त्याचा कोड लिहिणाऱ्या माणसाचाही परवाना गेला. त्याने काही केलेले नाही. कदाचित त्याला ते माहीतही नाही. दुसरा शब्द 'मत'. स्पर्धा आहे की नाही हे कोण ठरवणार? स्पर्धेची भीती ज्याला आहे तोच. खेळाडूलाच पंच नेमण्याचा हा प्रकार झाला.

पण आमचा मुख्य आक्षेप याच्याही पलीकडचा आहे. कोणत्याही अवजारात दोष कुठे आहे हे सर्वांत आधी कोणाला कळते? जो स्वतः तसे अवजार बनवू पाहतो त्याला. तापमापीतील चूक तापमापी बनवणाराच ओळखतो, कारण नळीचे छिद्र सर्वत्र सारखे नसते हे त्याने स्वतः भोगलेले असते. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचा हा रोजचा अनुभव आहे : उपकरणावर उत्तम टीका प्रतिस्पर्धी प्रयोगशाळेतूनच येते. या कलमाने नेमक्या त्याच माणसाला दाराबाहेर ठेवले. बाकी सर्वांना परवानगी, ज्याला खरोखर समजते त्याला नाही.

विज्ञानाच्या इतिहासात याचा चांगला दाखला आहे. रॉबर्ट हुक याने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' प्रसिद्ध केले, तेव्हा काचेचा बारीक मणी वितळवून त्याचे भिंग कसे करावे, हेही प्रस्तावनेत सांगून टाकले. डेल्फ्टचा लेव्हेनहूक याने एकाच भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून जीवाणू पाहिले. त्या काळात त्याच्या तोडीचे कोणाला जमले नाही. पण आपली कृती त्याने कोणाला सांगितली नाही. १७२३ साली तो गेला आणि त्याने भिंगे घासली की वितळवली, हा वाद जवळजवळ तीनशे वर्षे चालला. २०२१ साली नेदरलँड्‌समधील संशोधकांनी त्याच्या एका सूक्ष्मदर्शकाचे न्यूट्रॉन किरणांनी, न उघडता, निरीक्षण केले तेव्हा आत काचेचा मणी सापडला, हुकने सांगितलेल्या पद्धतीचाच! लेव्हेनहूकने निदान शेजाऱ्याला भिंग बनवायला मनाई केली नव्हती. २००२ च्या कागदात तीही आहे.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. मॅकव्हॉय यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की आम्हांला माणसांचे पगार द्यायचे आहेत. वर्षानुवर्षे खपून केलेल्या कल्पना कोणी फुकटच्या प्रतीवरून उचलल्या, तर विकत घेणार कोण? हा प्रश्न खोटा नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाले पुष्कळदा तो उडवून लावतात, ते बरोबर नाही. कंपनीने आपल्या मालाची किंमत मागावी, हवी तेवढी मागावी. आमचे म्हणणे किमतीच्या जातीबद्दल आहे. पैशांतली किंमत घेणारा देतो आणि एकदा देऊन मोकळा होतो. 'अमुक गोष्ट करायची नाही' ही किंमत दर दिवशी द्यावी लागते, आणि पुष्कळदा ती असा माणूस देतो ज्याने कागदावर सहीच केलेली नाही. या प्रकरणात पुढे जे झाले ते सगळे या एका वाक्यात बसते असे आम्हांला वाटते.

विरोध तेव्हाच झाला होता. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी, मुक्त प्रकल्पाने अमुक्त अवजारावर उभे राहू नये, असे बजावले. कर्नलच्या जुन्या जाणत्यांपैकी अ‍ॅलन कॉक्स यांनी बिटकीपर वापरायचे नाकारले. टॉरवाल्ड्‌स यांचे उत्तर व्यवहारी होते : कामाला उत्तम असेल ते अवजार मी घेणार, यापेक्षा चांगले मुक्त अवजार दाखवा, मी ते घेतो. उत्तर बिनतोड वाटते खरे. पण चांगले मुक्त अवजार बनवू शकणाऱ्यालाच चांगले अवजार वापरून पाहायची बंदी, आणि वर 'बनवून दाखवा' हे आव्हान, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

मग आकृत्यांच्या वहीचे काय? कर्नलचा सोर्स कोड मुक्तच होता. तो कोणालाही उतरवून घेता येई. पण त्याची संपूर्ण खतावणी बिटकीपरच्या स्वरूपात होती आणि ती वाचायला बिटकीपरच लागे. ज्यांना परवाना नको होता किंवा मिळत नव्हता त्यांच्यासाठी कंपनीने २००३ मध्ये सीव्हीएसच्या स्वरूपात एक नक्कल उपलब्ध करून दिली. हे कंपनीने आपणहून, आपल्या खर्चाने केले, याची नोंद घेतली पाहिजे. मात्र त्या नकलेत शाखा कशा फुटल्या आणि कशा जुळल्या, हा तपशील पूर्ण उतरत नसे.

याच नकलेवरून घडलेली एक हकिगत संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. नोव्हेंबर २००३ मध्ये कोणीतरी सीव्हीएसच्या यंत्रात चोरून शिरून कर्नलच्या एका फाइलमध्ये दोन ओळी घातल्या. वरवर पाहता त्या ओळी एक निरुपद्रवी तपासणी करत होत्या : अमुक दोन पर्याय एकत्र आले आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असला, तर चूक झाल्याचे कळवा. युनिक्स पद्धतीच्या प्रणालीत शून्य क्रमांक हा सर्वाधिकारी वापरकर्त्याचा असतो. सी भाषेत 'समान आहे का?' हे विचारायला == अशी दोन चिन्हे लागतात; एकच = लिहिले तर ते विचारणे राहत नाही, किंमत भरणे होते. त्या ओळीत एकच चिन्ह होते. म्हणजे क्रमांक शून्य आहे का हे न विचारता तो शून्य केला जात होता. ज्याला युक्ती ठाऊक त्याने ते दोन पर्याय एकत्र द्यायचे की तो यंत्राचा सर्वाधिकारी झाला! एका चिन्हाची चोरी.

ती पकडली गेली, कारण सीव्हीएसमधील या बदलाची जोड बिटकीपरच्या मूळ खतावणीत कुठेच नव्हती. तपासणी कंपनीच्याच व्यवस्थेत झाली. खतावणी चोख असेल तर चोरी लपत नाही, हा धडा यातून मिळतो आणि त्याचे श्रेय बिटकीपरला आहे. आम्ही यातून आणखी एक गोष्ट वाचतो. खतावणी इतकी मोलाची असेल, तर ती वाचण्याची किल्ली एकाच घरात असणे किती धोक्याचे!

ती किल्ली २००५ साली फिरली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल हे विलक्षण कुशल प्रोग्रामर. विंडोजच्या यंत्रांशी फाइलींची देवाणघेवाण करणारा सांबा हा मुक्त प्रोग्राम त्यांनी सुरू केला, तो अशा यंत्रांमधले तारेवरचे संभाषण ऐकून, त्यावरून नियम शोधून. पदार्थविज्ञानातले प्रयोग याहून फार वेगळे नसतात : निसर्गाला प्रश्न टाकायचा, उत्तर टिपायचे, नियम बांधायचा. ट्रिजेल यांनी बिटकीपर कधी वापरला नव्हता, म्हणजे त्याच्या परवान्यावर त्यांची सही नव्हती. खतावणी वाचून देणारा एक छोटा मुक्त प्रोग्राम ते लिहू लागले. ही 'उलटी अभियांत्रिकी' किती अवघड होती हे त्यांनी एप्रिल २००५ मध्ये कॅनबेरा येथील परिषदेत करून दाखवले. टेलनेट या साध्या, सर्वांकडे असलेल्या प्रोग्रामने ते बिटकीपरच्या सार्वजनिक यंत्राला जोडले गेले आणि 'हेल्प' असा शब्द टाइप केला. यंत्राने आज्ञांची यादी पाठवून दिली. सभागृह हसले, आणि हसण्यासारखेच होते ते.

कंपनी हसली नाही. तिने फुकट आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले. लिनक्सवर काम करणाऱ्या शेकडो माणसांचे तीन वर्षे अंगवळणी पडलेले अवजार जाणार होते, ते एका अशा माणसामुळे ज्याने काही मोडले नव्हते, ज्याने कसला करार केला नव्हता आणि ज्याने एका दारावर टकटक करून 'मदत' मागितली होती. टॉरवाल्ड्‌स यांनी राग काढला तो ट्रिजेल यांच्यावर : यांनी नवे काही उभारले नाही, चांगले चाललेले मात्र बंद पाडले, अशा आशयाची टीका त्यांनी जाहीरपणे केली. योगायोग असा की त्या वेळी दोघांचा पगार एकाच संस्थेतून, ओपन सोर्स डेव्हलपमेंट लॅब्ज इथून, येत होता. टॉरवाल्ड्‌स यांच्या कर्तृत्वाबद्दल आम्हांला आदर आहे, पण त्यांचा हा निवाडा आम्हांला चुकीचा वाटतो. शेजाऱ्याच्या कुतूहलामुळे आपले अवजार जाऊ शकत असेल, तर दोष कुतूहलाचा कसा? विज्ञानाच्या शिक्षकाने तरी या ठिकाणी कोणाची बाजू घ्यावी हे उघड आहे.

पुढचा भाग परिकथेसारखा आहे आणि म्हणूनच तो सगळ्यांना आठवतो. टॉरवाल्ड्‌स यांनी कर्नलचे काम थांबवून ३ एप्रिल २००५ रोजी स्वतःचे आवृत्ती-नियंत्रण लिहायला घेतले. ७ एप्रिलला ते स्वतःचीच खतावणी ठेवू लागले. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती त्यावर तयार झाली. त्याचे नाव गिट. जुलैमध्ये त्यांनी त्याचा कारभार जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवला. गिटमध्ये प्रत्येक नोंदीच्या मजकुरावरून गणिताने चाळीस अंकाक्षरांचा ठसा काढतात, आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. मधल्या एखाद्या ओळीत एक चिन्ह बदलले, तर तिथून पुढचे सगळे ठसे बिघडतात. २००३ ची ती चोरी अशा रचनेत लगेच उघडी पडते, आणि ते तपासायला कोणाच्या किल्लीची गरज लागत नाही. आज जगभरातील प्रोग्रामरांची फार मोठी संख्या गिट वापरते.

यावरून म्हणतात, बघा, बिटकीपर नसता तर गिट नसते; तीन वर्षे ते अवजार वापरल्यानेच काय हवे ते कळले; तेव्हा परवाना वाईट असला तरी फळ गोड आहे. यातले पहिले विधान बहुधा खरे आहे. दुसऱ्यात मोठी फट आहे. टॉरवाल्ड्‌स यांना गिट लिहिता आले ते परवाना संपल्यावर. परवाना चालू असताना त्यांनी पहिली ओळ लिहिली असती, तर ते स्वतःच 'स्पर्धक' ठरले असते आणि आधीच्या तीन वर्षांतही त्यांना तेवढी मोकळीक नव्हती. गिट हे त्या परवान्याचे फळ म्हणायचे, तर तुरुंगातून सुटल्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे श्रेय तुरुंगाला द्यावे लागेल. आणि दर वेळी चार दिवसांत पर्याय उभा करणारा माणूस जवळ असतोच असे नाही. चांगले झाले ते नशिबाने आणि कर्तबगारीने. अटींनी नव्हे.

त्याच एप्रिलात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल नावाचा दुसरा मुक्त प्रोग्राम सुरू केला. त्याची गोष्ट कमी सांगितली जाते. ऑक्टोबर २००५ मध्ये मर्क्युरिअलवर काम करणाऱ्या एकाला ते काम थांबवावे लागले, कारण तो जिथे नोकरी करत होता ती संस्था बिटकीपरची पैसे देणारी ग्राहक होती आणि बिटमूव्हरने तिच्याकडे हरकत घेतली. सही मालकाची, काम थांबले नोकराचे, आणि नुकसान मर्क्युरिअल वापरणाऱ्या इतरांचे.

हे एकाच कंपनीचे वैगुण्य समजू नये. केडीई हा लिनक्सवरील खिडक्या-चित्रांचा मुक्त प्रकल्प १९९६ साली नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटी या अवजारावर उभा राहिला, तेव्हा क्यूटी मुक्त नव्हते. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, केवळ या कारणासाठी ग्नोम हा समांतर प्रकल्प सुरू करावा लागला. २००० साली क्यूटी जीपीएलखाली आले, पण तोवर कष्टांचे दोन वाटे झाले होते, ते आजही दोनच आहेत.

आपल्या वाचकांना मराठीतला अनुभव अधिक जवळचा वाटेल. नव्वदच्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा प्रत्येक उत्पादकाची अक्षरांना क्रमांक देण्याची रीत वेगळी होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती, पण छापखान्यांत ती पोचायला बरीच वर्षे गेली. त्या काळात जुळवलेला मजकूर आज उघडला तर पडद्यावर 'Ö' आणि '¸ü' यांसारख्या चिन्हांची रांग दिसते, कारण तो फाँट किंवा त्याचे कुलूप आता हाताशी नाही. लेख लेखकाचा, अंक मासिकाचा, पण वाचायची किल्ली तिसऱ्याच्या खिशात. नियतकालिकांचे कित्येक जुने अंक कागदावरून पुन्हा टंकावे लागतात ते यामुळे.

गिट मुक्त झाले म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. गिटच्या खतावण्या ठेवायला बहुतेक लोक गिटहब ही जागा वापरतात. ती एका कंपनीची आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ती ७५० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खाजगी खतावण्यांवर तिने बंधने आणली. इराणवरची बंधने जानेवारी २०२१ मध्ये उठली. मात्र २००५ शी तुलना करताना एक फरक लक्षात घ्यावा. गिटच्या रचनेत संपूर्ण खतावणी प्रत्येकाच्या यंत्रावर असते आणि ती वाचायला कोणाचा परवाना लागत नाही. जागा गेली तरी वही आपल्याजवळ राहते. जागेवर झालेली चर्चा, तक्रारी, दुरुस्त्यांवरचे शेरे हे मात्र त्या वहीत नसतात, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष आहे.

मे २०१६ मध्ये बिटकीपरचा सोर्स कोड कंपनीने अपाची परवान्याखाली मुक्त केला. ज्या प्रोग्रामच्या आत पाहू नये म्हणून एवढे रामायण झाले, तो आता कोणालाही उघडून पाहता येतो. स्पर्धा तोवर संपली होती, त्यामुळे पाहायला फारसे कोणी गेले नाही. गिटची पहिली नोंद, एप्रिल २००५ ची, गिटच्या स्वतःच्या खतावणीत जशीच्या तशी आहे. सी भाषेतल्या सुमारे हजार ओळी आहेत त्या. सी शिकलेल्या विद्यार्थ्याला दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या मदतीने त्या सबंध वाचता येतील, आणि ठसा काढणारा भाग वाचताना == कुठे आणि = कुठे, हेही तपासता येईल.